पर्याय, पण कशाला?

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी मिस्सा आटोपून आमचा भाचा आमच्याबरोबरच घरी आला. चहा होईपर्यंत त्याने मोबाईलवर चार घड्याळांची चित्रे काढून आमच्यापुढे धरली. पहिले घड्याळ स्वित्झर्लंडच्या ओडेमार पिगे या कंपनीचे 'रॉयल ओक'. उरलेली तीन म्हणजे त्याची 'स्वस्तातली भावंडे'. हा शब्द त्याचाच. "मामा, पहिले काही या जन्मी परवडायचे नाही. या तिघांतले कुठले घेऊ?" मुलगा नोकरीला लागून चार वर्षे झाली आहेत, घराच्या कर्जाचा हप्ता तोच भरतो, आणि त्याला उधळा म्हणावे असे त्याच्यात काही नाही. म्हणूनच प्रश्न थट्टेवारी नेऊ नये असे आम्हांला वाटले.

या पहिल्या घड्याळाची कुळकथा मोठी मनोरंजक आहे. १९६९ च्या नाताळच्या दिवशी जपानच्या सैको कंपनीने क्वार्ट्झ स्फटिकावर चालणारे पहिले मनगटी घड्याळ विक्रीस आणले. पुढील काही वर्षांत हे तंत्र इतके स्वस्त झाले, की चक्रे-स्प्रिंगांच्या बळावर पिढ्यान्‌पिढ्या उभे असलेले स्विस कारखाने एकामागून एक कोलमडू लागले. याच संक्रमणाच्या तोंडावर, १९७२ साली, जेराल्ड जेंटा या कलावंताने रेखाटलेले 'रॉयल ओक' बाझलच्या प्रदर्शनात मांडले गेले. अष्टकोनी कडे, त्यावर उघडपणे दिसणारे आठ स्क्रू, आणि घड्याळातूनच उगवल्यासारखा धातूचा पट्टा. पाणबुड्याच्या जुन्या शिरस्त्राणावरून ते रूप सुचले असे सांगतात. घड्याळ होते साध्या पोलादाचे, आणि किंमत मात्र अनेक सोन्याच्या घड्याळांहून अधिक! खेळाडूच्या वेशातला हा धनिक पुढे इतका गाजला, की आज त्याच्या पोलादी नमुन्यासाठीही वीस लाख रुपयांहून अधिक मोजावे लागतात.

आता भावंडांकडे वळू. पहिले होते कॅसिओचे, २०१९ साली निघालेले अष्टकोनी 'जी-शॉक'. रॉयल ओकशी असलेल्या साम्यामुळे शौकिनांनी त्याला 'कॅसिओक' असे टोपणनावही देऊन टाकले आहे. किंमत दहा हजारांच्या आसपास. दुसरे 'टिसॉट'चे 'पीआरएक्स', क्वार्ट्झ यंत्राचे, त्याच्या चौपट किमतीचे. तिसऱ्याच्या तबकडीवर मूळ कंपनीचेच नाव होते आणि किंमत चार हजार. ज्याला बाजारात 'फर्स्ट कॉपी' असे गोंडस नाव आहे, ते हे. भाच्याचा कल कुणाकडे होता, हे त्याने ते चित्र किती वेळ समोर ठेवले यावरूनच कळत होते.

आम्ही त्याला प्रथम विचारले, घड्याळ कशासाठी हवे? पाण्यात चालावे म्हणून? मूळ रॉयल ओक ५० मीटर खोलीइतका पाण्याचा दाब सोसण्याच्या हमीचे, तर हे दहा हजारांचे कॅसिओ २०० मीटरच्या हमीचे. अचूक वेळेसाठी? यांत्रिक घड्याळांसाठी स्वित्झर्लंडमध्ये जी अधिकृत कसोटी आहे, तिच्यातही सरासरीने दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे एवढी सूट असते. कॅसिओची चूक महिन्याकाठी १५ सेकंदांच्या आत. पडले, आपटले तर? जी-शॉकचा जन्मच मुळी त्या कारणाने झाला. वडिलांनी दिलेले घड्याळ हातून पडून फुटले, याची खंत मनात धरून किकुओ इबे या जपानी अभियंत्याने न फुटणाऱ्या घड्याळाचा ध्यास घेतला आणि दोनशेच्या आसपास नमुने फोडून १९८३ मध्ये ते सिद्ध केले. म्हणजे खेळाचे घड्याळ या नात्याने पाहिले, तर स्वस्त भावंड थोरल्यापेक्षा सरस आहे. तेथे पर्याय शोधण्याचे कारणच उरत नाही.

राहता राहिले रूप. येथे आम्हांला थोडे थांबावेसे वाटते, कारण या ठिकाणी 'सगळा दिमाख, दुसरे काय' असे म्हणून विषय झटकण्याची आपल्या वडीलधाऱ्यांना घाई असते. सुंदर वस्तू हवीशी वाटणे हा आमच्या मते दोष नव्हे. जेंटाची रेषा खरोखरच देखणी आहे. ती पाहून एखाद्या तरुणाचे मन हलले तर त्याची दृष्टी चांगली आहे, एवढेच आम्ही म्हणू. शिवाय त्या रेषेचा आनंद थोड्या पैशांतही मिळू शकतो. पीआरएक्सचे मूळ रूप १९७८ चे; २०२१ मध्ये ते नव्याने आले. त्याच काळातल्या अभिरुचीचे ते अपत्य, आणि अंगावर स्वतःचेच नाव घेऊन हिंडणारे.

घड्याळाचा आणि दागिन्याचा संबंध तसा जुनाच. कॅल्व्हिनचे नाव आपल्या घरांत फारसे निघत नाही. परंतु सोळाव्या शतकात त्याच्या प्रभावाखालील जिनिव्हात दागिने घालण्यावर निर्बंध आले, तेव्हा तेथील सोनारांनी आपले कसब घड्याळांकडे वळवले. १६०१ मध्ये तर जिनिव्हाच्या घड्याळजींचा स्वतंत्र संघही स्थापन झाला. दागिना निषिद्ध, पण वेळ पाहण्याचे उपकरण निषिद्ध कसे असेल? तेव्हा उंची घड्याळ हेच मुळात दागिन्याला शोधलेला पर्याय होते, असे म्हणण्याचा मोह आम्हांला होतो.

पण पाणी, वेळ, मजबुती आणि रूप एवढे सगळे मिळूनही जी एक गोष्ट उरते, ती भाच्याने शेवटी स्वतःच सांगितली. कार्यालयात बैठकीला बसले की लोक मनगटाकडे पाहतात. "त्यांना वाटले पाहिजे ना, मामा." हे 'वाटणे' मात्र स्वस्तात मिळत नाही. ते महाग आहे म्हणूनच ते आहे. ज्या दिवशी ते चार हजारांत सर्वांना मिळेल, त्या दिवशी त्याकडे कुणी पाहणारही नाही. त्यामुळे त्याचा स्वस्त पर्याय एकच उरतो, आणि तो म्हणजे खोटे.

संत थॉमस अक्वायनस यांनी तेराव्या शतकात या प्रश्नाचा फार बारकाईने विचार केला आहे. त्यांच्या मते माणूस शब्दांनी खोटे बोलतो तसाच कृतीने आणि खुणांनीही बोलू शकतो. आपण जे नाही ते आहोत असे बाह्य खुणेने दाखवणे हे असत्यच. उलट, आपण जे आहोत ते जगाला न दाखवता गप्प राहणे, हे असत्य नव्हे. दहा हजारांचे घड्याळ घालून आपली मिळकत कुणाला न सांगणारा माणूस दुसऱ्या प्रकारात मोडतो. चोरलेले नाव मनगटावर मिरवणारा गप्प बसला तरी बोलतच असतो.

हे आम्ही पुस्तकी ज्ञानावर लिहीत नाही. १९९४ साली मुंबईत फोर्ट भागातील एका पदपथावर आम्ही एका विख्यात स्विस नावाचे घड्याळ घासाघीस करून घेतले होते. तबकडीवर 'ऑटोमॅटिक' लिहिलेले, आणि सेकंदाचा काटा मात्र टक-टक उड्या मारीत चाललेला! ते घालून आम्ही एका लग्नाला गेलो. आखातात वीस वर्षे काढलेले एक वृद्ध गृहस्थ आमचे मनगट हातात घेऊन म्हणाले, "वा! भाऊंनी पाठवले वाटते कुवेतहून?" आम्ही हसलो. 'हो' म्हटले नाही. त्या हसण्याचे समर्थन आम्ही पुढे बराच काळ स्वतःशी करीत राहिलो.

त्याच वर्षी पावसाळ्यात शेजारच्या एका घरात शस्त्रक्रियेचा प्रसंग आला आणि पैसे गोळा करणारी मंडळी सर्वांत आधी आमच्याकडे आली. त्यांची अपेक्षा आमच्या मनगटाला शोभेल अशी होती. आम्ही दिले ते आमच्या पगाराला झेपेल तेवढे. त्यांनी पावती फाडली, आभार मानले आणि एकमेकांकडे पाहिले. त्या घटकेस 'अहो, हे घड्याळ खोटे आहे' एवढे चार शब्द उच्चारले असते तर आम्ही कंजूष ठरलो नसतो. ते शब्द आमच्या तोंडून निघाले नाहीत. खोटारडा ठरण्यापेक्षा कंजूष ठरणे आम्ही पत्करले, आणि ज्यांच्या घरी आजारपण होते त्यांनीही आम्हांला तसेच समजले असणार. पुढे सेल बदलण्यासाठी ते घड्याळजींकडे नेले. त्यांनी मागचे झाकण उघडले, क्षणभर आत पाहिले, आमच्याकडे पाहिले नाही, आणि सेलचेच तेवढे पैसे घेतले. त्यांच्या त्या न पाहण्याबद्दल आम्ही आजही त्यांचे ऋणी आहोत.

ही हकिकत आम्ही भाच्याला प्रथमच सांगितली. घरात कुणालाच ठाऊक नव्हती. तो हसला नाही. थोड्या वेळाने त्याने विचारले, "मग त्या अष्टकोनी कॅसिओचे काय, मामा? तेही लांबून तसेच दिसते ना?"

प्रश्न बिनतोड होता. आम्ही म्हणालो, लांबून फसलेला माणूस जवळ येऊन नाव वाचू शकतो, आणि नाव खरे आहे. म्हणून ते निर्दोष. पण तू ते केवळ त्या लांबच्या माणसासाठी घेत असशील, तर ते तुझे तुलाच माहीत. ते आम्हांला बाहेरून ओळखता येणार नाही, आणि कदाचित तुलाही लगेच ओळखता येणार नाही.

तीन आठवड्यांनंतर तो पुन्हा चर्चच्या आवारात भेटला. मनगट मोकळेच होते. "अजून ठरत नाही," तो म्हणाला. आम्ही किती वाजले म्हणून विचारले, तेव्हा त्याने खिशातून मोबाईल काढला.