कठड्यापलीकडचा शेजारी

नाताळची खेळणी नाताळात निघत नाहीत. आगमनकाळाची पहिली मेणबत्ती आपल्या चर्चमध्ये पेटते, तेव्हा त्या वर्षाचा खेळण्यांचा जागतिक व्यापार बहुतेक उरकलेला असतो. वर्षाच्या आरंभी हाँगकाँगला आणि जर्मनीतील न्युरेम्बर्गला खेळण्यांची मोठी प्रदर्शने भरतात. तेथे नमुने पाहून खरेदीदार मागणी नोंदवतात, भाव ठरतो, आणि त्याहूनही कठोर अशी तारीख ठरते. मग चीनच्या ग्वांगडाँग प्रांतातील कारखान्यांत साचे चालू होतात. उन्हाळा सरता सरता पुठ्ठ्याची खोकी भरली जातात, खोकी कंटेनरमध्ये जातात आणि कंटेनर शेन्झेनजवळच्या यांतियानसारख्या बंदरावर. तेथून कुठे दोन-तीन आठवड्यांत, कुठे महिनाभरात ते लॉस एंजेलिसला, रॉटरडॅमला किंवा इंग्लंडच्या फेलिक्स्टो बंदराला लागतात. पुढे गोदाम, मालमोटार, दुकानाची फळी आणि अखेर एखाद्या लहानग्याचे हात.

या प्रवासाविषयी आम्ही येथे लिहीत आहोत ते व्यापाराच्या कुतूहलापोटी नव्हे. लोभाने, मत्सराने किंवा मोठेपणाच्या हव्यासाने माणूस पुष्कळ वस्तू विकत घेतो. पण मुलासाठी खेळणे घेताना त्याच्या मनात बहुधा निव्वळ प्रेम असते. म्हणूनच एक प्रश्न येथे जितका शुद्ध स्वरूपात उभा राहतो तितका अन्यत्र राहत नाही. ज्याच्या श्रमातून हा आनंद आमच्या घरी आला, त्या अनोळखी माणसाचे आम्ही काही लागतो काय? आणि लागत असलो, तर मधले अंतर ते नाते कमी करते काय?

अंतर केवळ मैलांचे नाही. 26 एप्रिल 1956 रोजी माल्कम मॅक्लीन या अमेरिकी वाहतूक व्यावसायिकाने 'आयडियल एक्स' नावाच्या जहाजावर 58 अॅल्युमिनियमच्या पेट्या चढवून नेवार्कहून ह्यूस्टनला धाडल्या. तोवर मालाचा बहुतेक प्रत्येक नग गोदीत कोणाच्या तरी पाठीवरून वा हातांतून जात असे. कंटेनरने वाहतूक इतकी स्वस्त केली की अर्ध्या जगापलीकडे केलेली बाहुली गावातल्या बाहुलीशी भावात स्पर्धा करू लागली. परंतु त्याबरोबर आणखी एक गोष्ट घडली. कारखान्याच्या फाटकाशी मोहोरबंद झालेली पेटी बहुधा थेट दूरदेशीच्या गोदामातच उघडू लागली. मधल्या कोणालाही आत काय आहे हे पाहण्याचे कारण उरले नाही. ज्या पेटीने माल सुरक्षित ठेवला, तिनेच माल करणाऱ्याला दृष्टीआड केले.

व्यापाराच्या कायद्याला मात्र हस्तांतराची जागा फार नेमकी ठाऊक असते. आंतरराष्ट्रीय वाणिज्य मंडळाने 1936 साली प्रथम संकलित केलेल्या व्यापारी संज्ञांमध्ये 'एफ.ओ.बी.' ही एक प्रसिद्ध संज्ञा आहे. तिचा जुना नियम असा होता की, माल जहाजाचा कठडा ओलांडून आत गेला की त्याच्या हानीची जोखीम विक्रेत्याकडून ग्राहकाकडे जाते. क्रेनला लटकलेला माल कठड्याच्या अलीकडे पडला तर नुकसान एकाचे, पलीकडे पडला तर दुसऱ्याचे! 2011 पासून अमलात आलेल्या आवृत्तीत कठड्याचा उल्लेख जाऊन 'माल जहाजावर ठेवल्यावर' अशी भाषा आली, पण तत्त्व तेच राहिले. व्यवहाराला असा कठडा हवाच, त्याविषयी आमची तक्रार नाही. आम्हांला अस्वस्थ करते ते एवढेच की, मालाच्या जोखमीसाठी आखलेली ही रेषा आम्ही नकळत सद्सद्विवेकासाठीही वापरू लागलो आहोत. कठड्याच्या अलीकडचे ते कारखानदाराचे, पलीकडचे ते आमचे.

10 मे 1993 रोजी बँकॉकलगतच्या नाखोन पाथोम प्रांतातील केडर या खेळण्यांच्या कारखान्याला आग लागली. तेथे कापसाने भरलेली जनावरे आणि प्लॅस्टिकच्या बाहुल्या होत असत, मुख्यतः परदेशी बाजारपेठांसाठी. कापड आणि प्लॅस्टिकचे ढीग पेटले. इमारतीच्या पोलादी खांबांना आगीपासून कसलेही संरक्षण नव्हते. ते उष्णतेने वाकले आणि मजले कोसळले. जिने अपुरे होते, काही दारे बंद होती असे वाचलेल्यांनी सांगितले. अनेकींनी वरच्या मजल्यांवरून उड्या टाकल्या. 188 कामगार मृत्यू पावले, सुमारे पाचशे जखमी झाले. मृतांत फार थोडे वगळता साऱ्या स्त्रिया होत्या, त्यांतही बहुतेक तरुण मुली. न्यूयॉर्कच्या ट्रँगल कारखान्यातील 1911 सालच्या आगीत 146 जण गेले होते. तो आकडा येथे मागे पडला. त्याच वर्षी 19 नोव्हेंबरला शेन्झेनमधील झिली खेळण्यांच्या कारखान्यात आग लागून ऐंशीहून अधिक कामगार दगावले.

त्याच्या आदल्या वर्षीची आणखी एक घटना जगाला अधिक ठाऊक आहे. 10 जानेवारी 1992 रोजी हाँगकाँगहून अमेरिकेतील टॅकोमाकडे निघालेल्या जहाजावरून वादळात काही कंटेनर उत्तर पॅसिफिकमध्ये पडले. त्यांतील एकात न्हाणीघरात तरंगणारी 28,800 खेळणी होती. पिवळी बदके, निळी कासवे, हिरवे बेडूक आणि लाल बीव्हर. नोव्हेंबरात ती अलास्काच्या किनाऱ्याला लागू लागली. कर्टिस एब्समायर या सागरवैज्ञानिकाने वर्षानुवर्षे त्यांचा माग ठेवला, त्यावरून सागरी प्रवाहांविषयी बरेच काही कळले. हे काम मोलाचेच होते, आणि बदकांविषयी माणसांना वाटलेला लळाही निरागस होता. पण त्या बदकांचा प्रवास कितीतरी घरांत कौतुकाने सांगितला गेला, आणि केडरचे नाव मात्र आमच्या वाचकांपैकी कितीजणांनी यापूर्वी ऐकले असेल?

"आम्हांला कळणार कसे?" असे कोणी म्हणेल. अज्ञानाने दोष हलका होतो, हे ख्रिस्तसभेचे नीतिशास्त्रही मान्य करते. संत आल्फोन्सस लिगोरी आणि त्यांच्या परंपरेतील शास्त्रकारांनी दुसऱ्याच्या दुष्कृत्यातील सहभागाचे बारकाईने प्रकार पाडले. दुष्कृत्याच्या हेतूतच सामील होणारा सहभाग वेगळा, आणि हेतूशिवाय केवळ कृतीने घडलेला वेगळा. निकटचा वेगळा, दूरचा वेगळा. नाताळासाठी अस्वल विकत घेणाऱ्या मातेचा सहभाग हेतूविना आणि अतिशय दूरचा, हे उघड आहे. तिने कुमसारात हे पाप सांगावे असे कोणताही शहाणा धर्मगुरू म्हणणार नाही. तथापि या शास्त्रातील 'दूर' हा शब्द मैलांनी मोजायचा नाही. आपल्या कृतीवाचून ती गोष्ट घडली असती काय, ती टाळणे आपल्या हाती किती होते आणि आपल्याला कळणे किती शक्य होते, यांवर ते अंतर ठरते.

कळणे शक्य होते काय, याचे उत्तर 2007 साली मिळाले. त्या ऑगस्टमध्ये मॅटेल या बड्या कंपनीने रंगातील शिशामुळे लाखो खेळणी परत मागवली. पाहता पाहता साखळी उलटी वाचली गेली: दुकानातून गोदामाकडे, गोदामातून फोशान शहरातील कंत्राटी कारखान्याकडे, तेथून रंग पुरवणाऱ्यापर्यंत. त्या कारखान्याच्या मालकाने त्याच महिन्यात आत्महत्या केली. लहान लोहचुंबके सुटून मुलांच्या पोटात जाण्याचा धोका असलेली आणखी कितीतरी अधिक खेळणीही तेव्हा परत मागवली गेली होती. त्यांतला दोष चिनी कामगारांच्या हातांत नसून आपल्याच आराखड्यात होता, हे कंपनीने सप्टेंबरमध्ये बीजिंगला जाऊन मान्य केले आणि क्षमा मागितली. मुलांचे रक्षण करणारी ही सारी यंत्रणा योग्यच आहे. मात्र तिने एक गोष्ट सिद्ध केली. ग्राहकाच्या मुलाला धोका आहे असे कळताच काही दिवसांत कारखान्याचे दार सापडते. तेव्हा ज्यांच्याकडे कागद आहेत, ज्यांनी भाव आणि तारीख ठरवली आहे, त्यांना कारखान्याच्या जिन्यांची रुंदी कळू शकत नव्हती हे म्हणणे टिकत नाही.

पोप दुसरे जॉन पॉल यांनी 14 सप्टेंबर 1981 रोजी 'लाबोरेम एक्सेर्चेन्स' हे मानवी श्रमावरील परिपत्रक प्रसिद्ध केले. त्यातील एक कल्पना आम्हांला येथे फार उपयोगी वाटते, ती 'अप्रत्यक्ष मालका'ची. कामगाराशी करार करणारा तो प्रत्यक्ष मालक. पण तो करार कसा असावा हे ज्यांच्या निर्णयांनी आधीच ठरून जाते, ती शासने, संस्था, कंपन्या आणि व्यापारी व्यवस्था हे अप्रत्यक्ष मालक. त्यांची जबाबदारी थेट नसली तरी खरी असते, असे पोपमहोदयांनी स्पष्ट केले. पुढे 2009 साली पोप सोळावे बेनेडिक्ट यांनी आपल्या परिपत्रकात खरेदीच्या कृतीलाही नैतिक बाजू असते हे निक्षून सांगितले. या दोहोंना एकत्र ठेवले की आमच्या मते क्रम असा लागतो: ज्याच्या शब्दाने भाव खाली येतो त्याच्यावर भार सर्वांत जड, आणि फळीवरून एक खेळणे उचलणाऱ्यावर सर्वांत हलका. पण हलका भार म्हणजे भार नाही असे नव्हे.

येथे एक गंभीर आक्षेप आहे, त्याला बगल देणे अप्रामाणिकपणाचे होईल. अशा कारखान्यांत काम करणाऱ्या मुली बहुतांशी खेड्यांतून येतात. त्यांच्या पगारावर घरी आईवडील जगतात, धाकटी भावंडे शिकतात. उद्या आपण सर्वांनी हात आखडता घेतला तर कारखाना सुरक्षित होणार नाही, बंद होईल. हे खरे आहे. म्हणून बहिष्काराने सद्सद्विवेक स्वच्छ होतो असे आम्ही मानत नाही. तो बहुधा केवळ आपले हात धुतो, आणि हात धुणाऱ्या एका सुभेदाराची आठवण आपण दर रविवारी श्रद्धांगीकार म्हणताना ठेवतोच. मागायचे आहे ते काम बंद पडणे नव्हे, तर उघडणारे दार. केडरनंतर थायलंडच्या कामगार संघटनांनी नेमके तेच मागितले. 10 मे हा तेथे कामाच्या ठिकाणच्या सुरक्षिततेचा राष्ट्रीय दिवस म्हणून पाळला जातो.

शुभवर्तमानातील श्रीमंत मनुष्य आणि लाझरस यांचा दाखला या संदर्भात पुनःपुन्हा आठवतो. त्या श्रीमंताने लाझरसाला मारले नाही, हाकललेही नाही. लाझरस दाराशी पडून होता आणि हा आत जेवत होता, एवढेच. पण यातनास्थानातून तो अब्राहामाला हाक मारतो तेव्हा लाझरसाला नावाने ओळखतो! म्हणजे नाव त्याला ठाऊक होते. आमचा लाझरस दाराशी नाही, त्याचे नाव आम्हांला ठाऊक नाही. ही आमची सवलत आहे. पण ते ठाऊक होऊ नये अशी व्यवस्था उभी राहिली असेल, आणि तिचा स्वस्ताईचा लाभ आमच्या पदरी पडत असेल, तर त्या सवलतीवर किती विसंबावे?

साखळीत काही माणसे अशीही आहेत, जी जवळ जाऊन पाहतात. ग्लासगो येथे 1920 साली सुरू झालेले ख्रिस्तसभेचे सागरी प्रेषितकार्य, आज 'स्टेला मारिस' या नावाने चालणारे, बंदराला लागलेल्या जहाजांवर चढून खलाशांची विचारपूस करते. 2020 सालच्या महामारीत सुमारे चार लाख खलाशी करार संपूनही जहाजांवर अडकून होते, आणि त्या काळातही दुकानांतील फळ्या भरत राहिल्या. गोव्यातील ज्या घरांतले पुरुष दर्यावर असतात, त्यांना हे सांगावे लागणार नाही.

आपल्याकडे चित्र थोडे पालटले आहे. 2020 साली भारताने खेळण्यांवरील आयातशुल्क 20 टक्क्यांवरून 60 टक्क्यांवर नेले, आणि 1 जानेवारी 2021 पासून खेळण्यांवर आय.एस.आय. चिन्ह सक्तीचे झाले. परदेशी माल घटला, देशी वाढला. सावंतवाडीच्या लाकडी खेळण्यांचे कौतुक आपण करतो ते रास्तच. पण प्लॅस्टिकचे देशी खेळणे चितारआळीत होत नाही, ते एखाद्या औद्योगिक वसाहतीच्या गाळ्यात होते. म्हणजे कठडा नाहीसा झाला आणि मैल आटले. आय.एस.आय. चिन्ह सांगते की खेळण्याला धारदार कडा नाही, रंगात घातक प्रमाणात शिसे नाही. गाळ्याला मागचे दार आहे की नाही, हे ते सांगत नाही. ते त्याचे कामही नाही.

आपल्या धर्मग्रामांत नाताळाच्या आधी गरीब मुलांसाठी, अनाथाश्रमांसाठी, शाळांसाठी खेळणी घाऊक घेतली जातात. ही खरेदी एका मातेच्या खरेदीहून मोठी असते, आणि म्हणून तिचा शब्दही थोडा वजनदार असतो. हा माल कोणत्या कारखान्यात झाला, तेथे आपल्यापैकी दोघे जाऊन येऊ शकतील काय, एवढे घाऊक व्यापाऱ्याला विचारता येईल. तो बहुधा हसेल. पहिल्या वर्षी उत्तर मिळणारही नाही. पण त्याची मागणी पावसाळ्यातच कारखान्याकडे जाते, तेव्हा विचारायचे असेल तर ते डिसेंबरात विचारून उपयोग नाही, गणपतीच्या आधी विचारले पाहिजे.