दुनळीची भूल

छंद असणे चांगले, असे आपण म्हणतो आणि ते खरेही आहे. पोटापाण्याच्या उद्योगापलीकडे ज्याच्या मनाला कशाचीच ओढ नाही, त्याचे जीवन कोरडेच म्हणावे लागेल. कुणी टपालाची तिकिटे जमवतो, कुणी जुनी नाणी, तर कुणी ग्रामोफोनच्या तबकड्या. परंतु छंद कोठे संपतो आणि आसक्ती कोठे सुरू होते, हे सांगणारी सीमारेषा कोठेही आखलेली नसते. ती ओलांडून पुढे गेलेल्या माणसालादेखील तिचा पत्ता लागत नाही.

ह्या प्रश्नाचा विचार करण्यासाठी एक दूरचे उदाहरण घेऊ. इंग्लंड-अमेरिकेत जुन्या शिकारी बंदुका जमवण्याचा छंद फार मोठा आहे. उदाहरण दूरचे असले की आपण लगेच स्वतःचा बचाव करायला धावत नाही. शिवाय ह्या छंदात एक अधिक अवघड प्रश्न दडलेला आहे. जी वस्तू जीव घेण्यासाठीच घडवली गेली, तिच्यावर केवळ ती सुंदर आहे म्हणून निर्मळ मनाने प्रेम करता येते काय?

प्रथम त्या वस्तूला न्याय देऊ. येथे बंदूक म्हणजे रायफल नव्हे. रायफलच्या नळीत आतून पीळ दिलेल्या खाचा असतात आणि तिच्यातून एकच गोळी सुटते. शिकारी शॉटगनची नळी आतून गुळगुळीत असते व तिच्यातून मूठभर छर्रे एकदम बाहेर पडतात, कारण तिचे लक्ष्य उडता पक्षी असतो. शेजारी शेजारी दोन नळ्या असलेली ती आपल्याकडची दुनळी. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून दुसऱ्या महायुद्धापर्यंतचा काळ हा ह्या कलेच्या बहराचा काळ मानतात. लंडनचे पर्डी व हॉलंड अँड हॉलंड, बर्मिंगहॅमचे वेस्टली रिचर्ड्स, अमेरिकेत मेरिडन गावचे पार्कर ब्रदर्स आणि फिलाडेल्फियाचे फॉक्स ही त्या काळातली नामांकित घराणी. शिंप्याने अंगाची मापे घ्यावीत तशी गिऱ्हाइकाच्या खांद्याची व हाताची मापे घेऊन अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता घडवला जाई आणि जवसाचे तेल हाताने चोळून चोळून त्याला झळाळी आणली जाई. दमास्कस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या नळ्यांसाठी लोखंड आणि पोलाद यांच्या पट्ट्या पिळून, भट्टीत सांधून गुंडाळीत. त्यामुळे धातूच्या अंगावर पाण्याच्या लहरींसारखी नक्षी उमटे. एकाच बंदुकीवरून अनेक कारागिरांचे हात फिरत. हे सौंदर्य खरे आहे. माणसाच्या हातातले कसब हे देवाचे देणे मानणाऱ्यांनी त्याकडे पाहून नाक मुरडण्याचे कारण नाही.

मग हा छंद माणसाला धरतो कसा? सुरुवात बहुधा निरागस असते. आजोबांची एक बंदूक माळ्यावर सापडते. तिचा क्रमांक पाहून ती कोणत्या वर्षी घडली, हे शोधावेसे वाटते. मग कळते की त्याच कारखान्याने साध्या बंदुकीपासून राजेशाही बंदुकीपर्यंत कितीतरी प्रती काढल्या होत्या. साध्या प्रतीनंतर वरची हवीशी वाटते. मग बोअरची मोहिनी सुरू होते. एक पौंड शिशाचे सारख्या आकाराचे बारा गोळे केले, तर त्यातल्या एका गोळ्याच्या व्यासाची जी नळी ती बारा बोअरची. त्याच हिशेबाने सोळा, वीस, अठ्ठावीस. प्रत्येक बोअरची एक हवी. पुढे मूळची चामड्याची पेटी हवी, मूळचाच रंग हवा, मूळचाच स्क्रू हवा. पार्कर ब्रदर्सच्या नावाने जवळजवळ अडीच लाख बंदुका बाहेर पडल्या. त्यांतल्या सर्वोच्च 'इन्व्हिन्सिबल' प्रतीच्या फक्त तीन. ह्या दोन संख्यांच्या मधल्या अंतरात एक अख्खे आयुष्य खर्ची पडू शकते.

बंदुका जमवणारा माणूस दुष्ट नसतो. बहुधा तो सौम्य, अभ्यासू आणि गप्पिष्ट असतो. पण कपाटात चाळीस बंदुका असताना त्याचे मन एकेचाळिसाव्या, न मिळालेल्या बंदुकीपाशी असते. संग्रह पूर्ण व्हावा असे तो तोंडाने म्हणतो. पण खरोखरच पूर्ण झाला, तर उद्या सकाळी उठून करायचे काय, ह्या विचाराने तोच धास्तावेल. हळूहळू किमती घरच्यांपासून लपवल्या जातात, रविवार लिलावांत जातात आणि मुलांना बापाचा आवाज फोनवर दलालाशी बोलतानाच ऐकू येतो. क्रुसाचे संत योहान यांनी बांधलेल्या पक्ष्याची उपमा वापरली आहे. पक्षी जाड दोराने बांधलेला असो वा बारीक धाग्याने, तो तुटेपर्यंत त्याला उडता येत नाही. धागा रेशमी आहे, सुंदर आहे, एवढ्यावरून पक्षी मोकळा ठरत नाही. पक्षी पाडण्याचे साधन जमवता जमवता माणसाने स्वतःच बांधलेला पक्षी व्हावे, यापरता मोठा उपरोध कोणता?

परंतु आसक्तीचे मूळ वस्तूत नसते, असे मला वाटते. ते आठवणीत असते. ह्यातल्या कितीतरी बंदुका आता झाडल्याच जात नाहीत. दमास्कस नळ्या जुन्या काळ्या दारूसाठी घडवल्या होत्या. आधुनिक काडतुसाचा दाब त्यांना सोसेल याचा भरवसा नसतो. त्या पेटीत निजून असतात. मग विकत घेतली जाते ती काय? विकत घेतली जाते एक धुक्याची सकाळ, दलदलीच्या काठावरचा गारवा, इमानी कुत्रा, आजोबांच्या कोटाचा वास, आणि जग अधिक साधे व माणसे अधिक पुरुषार्थी होती ही समजूत. थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०९ च्या आफ्रिकेच्या सफरीत वापरलेली फॉक्स बंदूक २०१० साली लिलावात ८ लाख ६२ हजार ५०० डॉलरना विकली गेली. एवढी किंमत पोलादाची आणि लाकडाची नसते. ती एका गोष्टीची असते.

आणि ती गोष्ट अर्धीच सांगितलेली असते. जुन्या बंदुकीला घडवणाऱ्याचे नाव आठवते, मालकाचे आठवते. मेलेल्या पक्ष्याचे नाव तिच्यावर कोठेही कोरलेले नसते. कोरलेली असतात ती उडणारी, जिवंत चित्रे.

उरलेली अर्धी गोष्ट इतिहासात आहे. उत्तर अमेरिकेत प्रवासी कबुतर नावाचा पक्षी होता. त्याची संख्या अब्जांत मोजली जाई. १८१३ साली चित्रकार ऑड्युबन यांनी केंटकीत पाहिलेला त्यांचा थवा तीन दिवस डोक्यावरून जात होता. मग रेल्वे आली, तारायंत्र आले; थवा कोठे उतरला ही बातमी तासाभरात शहरात पोहोचू लागली आणि जाळी व बंदुका घेऊन धंदेवाईक शिकारी तेथे जाऊ लागले. जंगलेही तुटत होती. १८७८ साली मिशिगनमधील पेटॉस्की येथे त्यांच्या एका अखेरच्या मोठ्या वसाहतीची महिनोन्‌महिने कत्तल चालली. १ सप्टेंबर १९१४ रोजी सिनसिनाटीच्या प्राणिसंग्रहालयात मार्था नावाची मादी मेली आणि ती जात पृथ्वीवरून नाहीशी झाली. नेमबाजीच्या खेळात जिवंत कबुतरांऐवजी उडवावयाच्या मातीच्या चकतीचे पेटंट ज्या लिगोव्स्की यांनी १८८० साली घेतले, तेही ह्याच सिनसिनाटीचे. ती चकती आजही इंग्रजीत 'क्ले पिजन', म्हणजे मातीचे कबुतर, म्हणूनच ओळखली जाते. नाव उरले, पक्षी गेला.

इंग्लंडमध्ये १८ डिसेंबर १९१३ रोजी हॉल बार्न येथे सात-आठ बंदूकधाऱ्यांनी एका दिवसात ३,९३७ फेझंट पक्षी मारले. त्यांतले हजारावर एकट्या राजे पंचम जॉर्ज यांनी. परतताना आज आपण जरा अतिच केले, असे राजे आपल्या मुलापाशी बोलले, ही नोंद त्या मुलाने पुढे आत्मचरित्रात करून ठेवली आहे. रिपनचे मार्क्विस हे त्या काळचे सर्वश्रेष्ठ नेमबाज. त्यांच्या नोंदवहीत आयुष्यभराच्या शिकारीचा आकडा साडेपाच लाखांवर गेला. १९२३ साली शिकारीच्या माळावरच त्यांना मरण आले. ही लागण साहेबाबरोबर आपल्याकडेही आली होती. लंडन-बर्मिंगहॅमच्या ह्या कारखान्यांचे संस्थानिक हे मोठे गिऱ्हाईक. भरतपूरच्या पाणथळीत १२ नोव्हेंबर १९३८ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांच्या मेळाव्याने एका दिवसात ४,२७३ पक्षी पाडले. हे आकडे तेथे दगडावर अभिमानाने कोरून ठेवलेले आहेत.

मग शिकारी तेवढा पापी, असा निवाडा द्यावा काय? इतिहास तेवढा सोपा नाही. आफ्रिकेत मुलासह पाचशेच्यावर जनावरे मारणाऱ्या रूझवेल्ट यांनीच १९०३ साली पेलिकन बेट पक्ष्यांसाठी राखून ठेवले आणि अमेरिकेतील राष्ट्रीय अभयारण्यांचा पाया घातला. बंदुका व काडतुसांवरच्या करातून वन्यजीवांचे रक्षण करण्याचा १९३७ चा अमेरिकेतील कायदा शिकाऱ्यांच्याच पाठिंब्याने झाला. आपल्या सलीम अलींचा पक्षिजगतातला प्रवेशदेखील १९०८ साली छऱ्याच्या बंदुकीने पाडलेल्या एका चिमणीपासून झाला. तिच्या गळ्यावर पिवळा ठिपका दिसला. ही चिमणी कोणती, हे विचारण्यासाठी तो मुलगा मुंबईच्या नॅचरल हिस्टरी सोसायटीत गेला. पाडलेली चिमणी त्याने हातात घेऊन नीट पाहिली, ह्यात सारे काही आले. एकही चिमणी परमपित्याच्या नकळत जमिनीवर पडत नाही, हे प्रभू येशूने सांगितले आहे. पडलेल्या चिमणीकडे पाहणे ही त्या जाणिवेची पहिली पायरी म्हणता येईल.

म्हणजे फरक मारणारा आणि न मारणारा एवढाच नाही. जो आपल्या कृतीच्या फळाकडे पाहतो आणि जो पाहत नाही, असाही एक फरक आहे. हृदयात हळवी ओढ असलेला संग्राहक कदाचित एकही पक्षी मारत नसेल. पण त्याची आठवण पक्ष्याकडे पाहायला तयार नसते. ख्रिस्तसभेला ह्या विषयातला धोका जुन्या काळापासून ठाऊक होता. १२१५ च्या चौथ्या लॅटरन धर्मपरिषदेने धर्मगुरूंना शिकारीची मनाई केली. प्राण्यांना विनाकारण यातना देणे वा मारणे मानवी प्रतिष्ठेला शोभत नाही, असे आजची धर्मशिकवण सांगते.

शिकाऱ्यांचे आश्रयदाते संत ह्युबर्ट यांची कथा ह्या संदर्भात पुन्हा आठवण्यासारखी आहे. ३ नोव्हेंबरला त्यांच्या सणानिमित्त बेल्जियम-फ्रान्समध्ये शिंगे वाजवून मिस्सा होते, शिकारी कुत्र्यांना आशीर्वाद दिला जातो. पण दंतकथा काय सांगते? गुड फ्रायडेच्या दिवशी हा सरदार एका सांबराचा पाठलाग करीत होता. सांबर वळून उभे राहिले आणि त्याच्या शिंगांमध्ये त्याला क्रूस दिसला. ज्याच्याकडे तो आजवर शिकार म्हणून पाहत आला होता, त्या सांबरानेच त्याच्याकडे पाहिले, आणि तो घोड्यावरून उतरला. उत्सवात शिंगांचा आवाज उरला आहे. घोड्यावरून उतरण्याचा तो क्षण मात्र विसरला जातो. हळवी आठवण नेमके हेच करते. ती जे हवे तेवढेच ठेवते.

म्हणून छंद सोडा, जुन्या वस्तू फेकून द्या, असा उपदेश येथे करावयाचा नाही. जुन्या बंदुकीच्या दस्त्यावर हात फिरवताना ज्याला कारागिराबरोबर तीन दिवस आकाश झाकून टाकणारा तो थवाही आठवतो, त्याचा छंद त्याला शहाणे करील. ज्याला फक्त धुक्याची सकाळ आठवते, त्याला एकेचाळिसावी बंदूक लागेलच. कारण अर्धवट आठवणीची भूक वस्तूंनी भागत नाही.

आपल्या घरांत दुनळ्या नाहीत. पण दिवाणखान्यातल्या कपाटात आजीची तांब्याची कळशी आता घासूनपुसून शोभेला ठेवलेली असते. पाहुणे तिची तारीफ करतात आणि जुने दिवस किती छान होते, असे आपण म्हणतो. त्या कळशीने रोज विहिरीवरून पाणी आणताना आजीचा खांदा किती दुखत असे आणि घरातल्या पुरुषांपैकी कितीजण तिच्या मदतीला जात असत, हेही त्याच वेळी पोराबाळांना सांगायला हवे.