खाड्याचा हिशेब

घनसावंगी तालुक्यातल्या एका तांड्यावर ऊसतोडीचा एक मुकादम होता. दसरा झाला की तो दहा कोयते घेऊन पश्चिम महाराष्ट्रातल्या साखर कारखान्यावर जायचा. कोयता म्हणजे नवरा-बायकोची जोडी. निघण्याआधी जोडीला उचल मिळायची, आणि हंगामभर ऊस तोडून ती फेडायची.

एका वर्षी कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे हंगाम संपला, माणसं गावी आली आणि एका जोडीचा हिशेब फिसकटला. मुकादमाच्या वहीत त्यांच्या अंगावर २३ हजार निघत होते. त्यात १८ दिवसांचा खाडा होता, रोजाला पाचशे दंड. शिवाय मधेच घेतलेले ५ हजार. नवरा म्हणाला, "इतके खाडे झालेच नाहीत. अन् हे पाच हजार कुणी घेतले?" मुकादम म्हणाला, "दावणीची गाय सोडून नेतो." भावकीनं काठ्या काढल्या.

तोडणीच्या दरासाठी भांडण झालं की शरद पवार आणि पंकजा मुंडे यांचा लवाद बसतो. जानेवारी २०२४ मध्ये त्यानंच ३४ टक्के दरवाढ ठरवली. पण फडातल्या एका जोडीच्या खाड्यासाठी असा कुठला लवाद बसणार?

तांड्यावर एक आजी होती. उभा जन्म तिनं ऊस तोडला होता आणि तिचं कुणाकडे देणं नव्हतं की घेणं. दोन्हीकडची माणसं तिच्या ओट्यावर आली. आजीनं आधीच सांगितलं, "कोण खरं, कोण खोटं, ते मी सांगणार नाही. मी निकाल दिला तर एक जिंकल अन् एक हरल. अन् दसऱ्याला तुमाला एकाच ट्रॅक्टरवर बसायचंय. तुमचं तुमी ठरवा, मी नुसती मधी बसते."

मग तिनं एकेकाला आत बोलावलं. बाई रडत म्हणाली, पाच हजार मीच घेतले, आजारी आईला धाडले, मालकाला सांगितलं नाही. मुकादम म्हणाला, गेल्या साली दोन जोड्या उचल घेऊन पळाल्या, सावकाराचं व्याज माझ्या उरावर बसलंय. आजीनं दोघांचंही ऐकलं आणि बाहेर येऊन त्यातला एक शब्दही काढला नाही. तिचा सगळा मान या गप्प राहण्यात होता. बाईला तिनं एवढंच विचारलं होतं, "तू सांगशील का?"

बाईनं रात्री घरी स्वतःच सांगितलं. सकाळी नवऱ्यानं पाच हजार कबूल केले. ते ऐकून मुकादमाचा आवाज उतरला. आजीनं ट्रॅक्टरवाल्याकडच्या वजनाच्या पावत्या मागवल्या. १८ पैकी सहा दिवस कुठल्याच जोडीची पावती नव्हती, कारण कारखानाच बंद होता. मुकादमानं ते सहा दिवस आपल्या हातानं खोडले. उरलेले बारा दिवस बाईच्या आजारपणाचे. त्यांचा निम्मा खाडा त्यानं सोडला. आजारपणाचा खाडा मुळात लावूच नये असं मला वाटतं, आणि उचलीची पद्धतच माणसाला बांधून टाकते. हे बदलणं सरकारचं आणि कारखान्यांचं काम आहे, एका आजीच्या ओट्यावर ते होणारं नव्हतं. पण गाय दावणीलाच राहिली आणि कुणाचं डोकं फुटलं नाही.

१७ हजार उरले. ते बिनव्याजी, पुढच्या दोन हंगामांत फेडायचे ठरले. शाळेतल्या पोरीनं दोन कागदांवर तेच लिहिलं, दोघांनी अंगठे उठवले आणि एकेक कागद घेतला. खाली बाईनं आणखी एक ओळ घालायला लावली: यापुढे खाडा पडला तर त्याच दिवशी संध्याकाळी मुकादमाच्या अन् जोडीच्या, दोन्ही वह्यांत लिहायचा, कारणासकट. दुसऱ्या दिवशी बाकीचे नऊ कोयते मुकादमाकडे आले आणि म्हणाले, आमच्याही वहीत तेवढी ओळ घाला.