घरातलं आणि सेटवरचं

‘सगळं सांगायचं नसेल तर माणसाने आत्मचरित्र लिहायला बसूच नये.’ कोपरीतल्या आमच्या वाचनगटात एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी हे वाक्य इतक्या ठामपणे टाकलं की पुढची चर्चा तिथेच आटोपली. विषय होता व्ही. शांताराम यांचं ‘शांतारामा’. चहा झाला, मंडळी पांगली, पण ते वाक्य माझ्या डोक्यातून जाईना.

शांताराम कोण, हे मराठी वाचकाला सांगायला नको. कोल्हापूर, बाबूराव पेंटर, १९२९ ची प्रभात, मग पुणे, १९४२ ला प्रभात सोडून मुंबईत राजकमल, हा प्रवास आपल्याला पाठ आहे. विमलाबाई, जयश्री आणि संध्या ही तीन लग्नंही ठाऊक आहेत. बँकवाल्या साहेबांची तक्रार नेमकी तिथेच होती. त्यांचं म्हणणं, सिनेमा कसा केला हे हा माणूस तोंड भरून सांगतो आणि घराचा उंबरठा आला की हात आखडता घेतो. तुलनेला त्यांनी हंसा वाडकरांचं ‘सांगत्ये ऐका’ पुढे केलं. नवरा, दारू, घर सोडून जाणं, फसवणूक, त्या बाईने काय शिल्लक ठेवलं? १९७० साली एक नटी एवढं बोलू शकते, तर एवढा मोठा दिग्दर्शक का नाही?

प्रश्न रास्त वाटतो, कारण त्यात एक गोष्ट धरलेलीच नाही. ही दोन्ही पुस्तकं सांगितलेली आहेत, आणि सांगणाऱ्यासमोर कोणीतरी बसलेलं आहे. हंसाबाईंसमोर अरुण साधू होते. ‘सिंहासन’ लिहिणारे साधू नव्हेत अजून. तिशीच्या आतले पत्रकार, घराबाहेरचे. त्यांनी ऐकलं, उतरवलं, ते ‘माणूस’ साप्ताहिकात आलं आणि मग पुस्तक झालं. ‘शांतारामा’चं शब्दांकन मधुरा जसराज यांचं. त्या शांतारामांची मुलगी, विमलाबाईंची मुलगी. वडील आपल्या आयुष्याची हकीकत सांगताहेत, त्यात दुसरं लग्न येणार आहे, तिसरं येणार आहे, आणि वही घेऊन समोर बसली आहे ती पहिल्या बायकोची लेक. अशा खोलीत माणूस जपून बोलला तर त्याला भित्रा म्हणवत नाही. मी तर म्हणेन, त्या खोलीत तो विषय निघाला हेच पुष्कळ.

साहेबांना हे सांगितलं तेव्हा ते म्हणाले, ‘मग परक्याला सांगायचं होतं.’ यावर माझ्याकडे चोख उत्तर नाही. परक्याला सांगितलं असतं तर पुस्तक वेगळं झालं असतं, हे मी मान्य करतो. ते अधिक खरं झालं असतं का, याची मात्र मला खात्री नाही.

एकट्याच्या मालकीचं काय आणि सामाईक काय, हा फरक मला कुठल्याही आत्मचरित्राच्या बाबतीत फार महत्त्वाचा वाटतो. माझी भीती, माझी हाव, माझं अपयश हे माझं आहे. ते मी चव्हाट्यावर मांडू शकतो. शांतारामांनी हे पडद्यावरही केलं. ‘दो आँखें बारह हाथ’च्या वेळी बैलाशी झालेल्या झटापटीत डोळ्यांना इजा झाली, दृष्टी जायची वेळ आली. १९५९ च्या ‘नवरंग’च्या सुरुवातीला ते स्वतः प्रेक्षकांसमोर येऊन त्या अंधाराबद्दल आणि त्यात दिसलेल्या रंगांबद्दल बोलतात. ते त्यांचं एकट्याचं होतं. लग्न मात्र दोघांचं असतं, इथे तर चौघांचं, शिवाय मुलांचं. त्यातला एकच जण लेखणी धरून बसला असेल तर त्याने थोडं हातचं राखावं हेच बरं. हंसाबाईंनी राखलं नाही, पण त्यांच्या हातात बोलण्याखेरीज दुसरं काही उरलेलंही नव्हतं. पुस्तक आलं आणि पुढच्याच वर्षी त्या गेल्या. ज्याच्याकडे स्टुडिओ आहे, नाव आहे, त्याचं उघड बोलणं दुसऱ्यावर फार जोरात आदळतं.

मी ‘शांतारामा’ वाचलं ते वाचनालयाच्या प्रतीतून. आमच्या ठाण्याला १८९३ पासून मराठी ग्रंथसंग्रहालय आहे, आणि जुन्या वाचनालयाचं पुस्तक हातात आलं की आधीचे वाचकही सोबत येतात. या प्रतीत घरच्या प्रसंगांच्या पानांचे कोपरे दुमडून दुमडून मऊ झाले होते. समासात पेन्सिलीच्या रेघा, एका ठिकाणी उभं प्रश्नचिन्ह, इतकं दाबून काढलेलं की मागच्या पानावर उठलं होतं. स्टुडिओची पानं कोरी करकरीत. कोणा वाचकाला तिथे काही विचारावंसं वाटलं नव्हतं.

त्या कोऱ्या पानांवर मी थबकलो. लग्न सामाईक म्हणून त्याबद्दल एकट्याने बोलू नये, असं मी म्हणतो. मग सिनेमा कोणाचा? शांतारामांचा ‘कुंकू’ घ्या. १९३७. त्यात पार्श्वसंगीत नाही. घड्याळाचे ठोके, घरातले आवाज, जे त्या घरात खरोखर वाजेल तेवढंच. केवढं धाडस! ते आपण दिग्दर्शकाच्या नावावर मांडून मोकळे होतो. पण संगीत होतं केशवराव भोळ्यांकडे. संगीतकाराने गप्प राहायला तयार होणं, हे धाडस कोणाचं? गोष्ट ना. ह. आपट्यांच्या कादंबरीची. प्रभातमध्ये आवाजाचं काम भागीदार दामल्यांनी उभं केलं, कला फत्तेलालांनी. दामले १९४५ मध्येच गेले, आपला वाटा सांगायला ते राहिले नाहीत. ‘दो आँखें बारह हाथ’ची कथा ग. दि. माडगूळकरांची, आणि तिच्यामागे औंध संस्थानातला खुल्या तुरुंगाचा खराखुरा प्रयोग. दिग्दर्शक ‘मी केलं’ म्हणतो तेव्हा तो खोटं बोलत नाही. पण घराबद्दल बोलताना जो तोलूनमापून शब्द टाकतो, तो इथे बिनधास्त असतो. सामाईक ऐवज तर दोन्हीकडे आहे.

‘कुंकू’तल्या नीरेचं काम करणाऱ्या शांता आपटे १९३९ मध्ये प्रभातच्या फाटकाशी उपोषणाला बसल्या. तोवर त्या देशभर गाजलेल्या नटी होत्या. भांडण कराराचं आणि पैशाचं होतं. पुढच्या वर्षी त्यांनी ‘जाऊ मी सिनेमात?’ हे पुस्तक लिहिलं. त्याचा रोख कोणाच्या खाजगी भानगडींवर नाही. सिनेमात काम करणाऱ्या माणसाला कसं वापरलं जातं, यावर आहे. म्हणून ‘सांगत्ये ऐका’वर बेनेगलांचा ‘भूमिका’ झाला, आणि हे पुस्तक मात्र नाव सांगितलं तरी आमच्या गटात एकालाही आठवलं नाही. वाचनालयातल्या पेन्सिलीसारखीच आपली सगळ्यांची नजर आहे. बाईने शेजघरातलं सांगितलं तर ती प्रामाणिक, आणि पगाराचं सांगितलं तर ते आपल्या लक्षातही राहत नाही.

आमच्या खालच्या मजल्यावर एक लाईटमन राहतो. घोडबंदर रोडला मालिकांची शूटिंगं चालतात, तिथे तो जातो. कॉल टाइम सकाळी सातचा, पॅकअप कधी होईल ते देवाला ठाऊक, आणि झालेल्या कामाचे पैसे बऱ्याचदा तीन-तीन महिन्यांनी. शांता आपट्यांच्या उपोषणाची गोष्ट मी त्याला सांगितली. त्याने लगेच विचारलं, ‘बाकीच्यांनी त्या दिवशी काम बंद ठेवलं का?’ हा प्रश्न मला सुचला नव्हता, आमच्या गटातही कोणाला सुचला नसता. दिग्दर्शकाच्या पुस्तकाला तोच विचारायला हवा.

तेव्हा साहेबांचं ‘सगळं सांगा’ आता मलाही म्हणावंसं वाटतं, फक्त दुसऱ्या दाराशी उभं राहून. घरातलं तुम्ही राखा. ते राखण्याचा तुमचा हक्क मी मनापासून मानतो. पण कारखान्यातलं राखू नका. उद्या आपल्या डोंबिवली-ठाण्यातल्या एखाद्या दिग्दर्शकाने आठवणी लिहिल्या, तर मी त्याच्या पुस्तकात प्रेमप्रकरणं शोधणार नाही. अमुक शॉट कॅमेरामनने सुचवला आणि मी आधी नाही म्हटलं होतं, हे त्यात आहे का ते बघेन. नायिकेला किती दिले आणि नायकाला किती, कोणाचे बुडाले, सेटवर कोणाला दुखापत झाली आणि दवाखान्याचं बिल कोणी भरलं, कोणाचं नाव श्रेयनामावलीतून गळलं आणि ते गाळायचं कोणी ठरवलं, एवढं त्यात असू दे. हे लिहिताना त्याला घरच्यांची भीड आड येणार नाही. निर्मात्याची येईल, भागीदाराची येईल, पुढच्या सिनेमाची येईल. ती भीड मोडून लिहिलेलं एक पुस्तक मला वाचायचं आहे.