बरं होण्याची मुदत

दारू सोडलेल्या बापाला किंवा आईला मूल परत द्यायचं का, आणि द्यायचं तर किती महिन्यांनी, या प्रश्नाला आपल्या कायद्यात सरळ उत्तर नाही. अमेरिकेत न्यायालय आईबापाचे मुलावरचे हक्क एका आदेशाने कायमचे संपवू शकतं. आपल्याकडे त्यासाठी अशी थेट तरतूद नाही. आपल्याकडे हे आडवाटेने घडतं. २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली जिल्ह्याची बाल कल्याण समिती पालकाला अपात्र किंवा असमर्थ ठरवते, मूल बालगृहात जातं, आणि मग वर्षं जातात. बाप दरम्यान सुधारला की आणखी बिघडला, हे विचारायची जबाबदारी नेमकी कुणाची, ते कागदावर स्पष्ट नसतं.

पालघर जिल्ह्यात हा प्रश्न दोन निराळ्या रूपांत भेटतो. बोईसर-तारापूरच्या एमआयडीसीभोवती, अवधनगर किंवा सरावलीच्या चाळींत, भाड्याच्या एका खोलीत राहणारी कुटुंबं आहेत. गाव उत्तर प्रदेशात, बिहारमध्ये नाहीतर ओडिशात. बाप ठेकेदाराकडे बारा तासांच्या ड्युटीवर. तो पिऊ लागला आणि आई आजारी पडली, की शेजारचं दार ठोठावण्यापलीकडे मुलाला जागा नाही. आजी, काकू, मामा हजार-दीड हजार किलोमीटरवर. आणि वर जव्हार-मोखाड्याकडे गेलं की वारली, कातकरी, कोकणा घरं. पावसाळा सरला की त्यातली बरीच वीटभट्टीवर निघतात. तिथे मूल आईबापापासून दूर राहतं ते बहुधा आश्रमशाळेत, आणि त्यासाठी कुणालाही अपात्र ठरवावं लागत नाही. सुट्टीत मूल घरी येतं, बाप शुद्धीत असेल तर चार दिवस बरे जातात, नसेल तर मूल शाळा उघडायची वाट बघतं. ही व्यवस्था मुळात शिक्षणासाठी उभी राहिली, आणि आश्रमशाळांचे हाल काय आहेत हे सगळ्यांना ठाऊक आहे. तरी मुलाला जेवण आणि छप्पर देऊन आईबापाचं नातं शाबूत ठेवण्याचं काम ती न बोलता करते, आणि मला ही गोष्ट फार मोलाची वाटते.

पालकाच्या व्यसनाकडे कायद्याने बघायला सुरुवात केली ती उशिरा. १८९० चा पालक आणि पाल्य कायदा बापाला झुकतं माप देणारा. बाप जिवंत असेल आणि न्यायालयाला तो अपात्र वाटत नसेल, तर दुसरा पालक नेमायचाच नाही, असं त्यात लिहिलं होतं. आईची गणती नंतर. इंग्लंडमध्ये मुलांवरच्या क्रूरतेविरुद्धचा कायदा १८८९ मध्ये झाला, आणि १९०८ च्या बालक कायद्यात गुन्हेगारी किंवा दारूबाजीच्या सवयींमुळे अपात्र ठरणाऱ्या पालकाचा स्पष्ट उल्लेख आला. त्याच परंपरेतून मद्रासचा १९२० चा, बंगालचा १९२२ चा आणि मुंबई इलाख्याचा १९२४ चा बालक कायदा निघाला. बापाच्या दाराआड काय चालतं ते सरकारने बघावं, ही मुलाच्या बाजूने झालेली फार मोठी गोष्ट. पण त्या काळी दारू म्हणजे माणसाचं चारित्र्य. चारित्र्य सहा महिन्यांत बदलत नाही, त्यामुळे मूल परत देण्याचा विचार करायचं कारणच नव्हतं.

दुसरी धारा वैद्यकातून आली. स्वीडनचे डॉक्टर माग्नुस हुस यांनी १८४९ मध्ये दारूच्या दीर्घ सेवनाने होणाऱ्या दुखण्याला आजाराचं नाव दिलं. १९३५ मध्ये अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात दोन दारुडे एकमेकांना सावरायला बसले आणि त्यातून अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस उभी राहिली. महाराष्ट्रात हा विचार घराघरांत पोचवला तो पुण्याच्या मुक्तांगणने. अनिल आणि सुनंदा अवचट यांनी पु. ल. देशपांडे यांच्या मदतीने ते १९८६ मध्ये सुरू केलं. पस्तीस दिवसांचा निवासी उपचार, नंतरचा पाठपुरावा, रुग्णांच्या बायकांसाठी ‘सहचरी’ गट. पुन्हा प्यायलेल्या माणसालाही तिथे पुन्हा घेतात, कारण घसरणं हा या आजाराचाच भाग आहे हे तिथे सगळे धरून चालतात.

त्याच १९८६ साली देशाचा पहिला बाल न्याय कायदा संसदेने केला. मुलावर ताबा ठेवायला अपात्र असलेला पालक, एवढीच त्याची भाषा. एकाच वर्षी एक दार उघडलं गेलं आणि एक शिक्का तयार झाला, आणि दोन्हीकडच्या माणसांची गाठ फारशी पडली नाही.

अमेरिकेने १९९७ मध्ये वेगळंच टोक गाठलं. मूल गेल्या बावीस महिन्यांपैकी पंधरा महिने परक्या घरी असेल, तर काही अपवाद सोडून पालकांचे हक्क संपवण्याचा अर्ज सरकारी यंत्रणेने करायचाच, असा कायदा झाला. त्यामागचं दुःख खरं होतं. मुलं या घरातून त्या घरात फिरत मोठी होत होती, कुणाचीच होत नव्हती. पण व्यसनमुक्तीचा हिशेब निराळा आहे. मानसोपचाराच्या प्रचलित निकषांप्रमाणे तीन महिने लक्षणं नसली तर ती सुरुवातीची सुधारणा. टिकाऊ म्हणायला बारा महिने जावे लागतात. उपचाराला जागा मिळायला काही महिने गेले आणि मध्ये एकदा पाय घसरला, की पंधरा महिने संपलेच. आई बरी व्हायला लागलेली असते त्याच सुमाराला तिचा हक्क जातो. लंडनमध्ये २००८ पासून याच पेचावर एक वेगळं न्यायालय चालतं. न्यायाधीश दर पंधरवड्याला त्या आईला किंवा बापाला स्वतः भेटतात, वकिलांना बाजूला ठेवून बोलतात, आणि सोबत उपचार करणारी मंडळी असतात. मुदत तिथेही आहे, पण ती चालू असताना कुणीतरी रोजचं बघत असतं.

आपल्याकडे या विचाराचे धागे आहेत, ते सुटे पडलेत. २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्यात दारू आणि अमली पदार्थांच्या सेवनातून येणारी मानसिक स्थिती आजारात मोडते. त्याच कायद्यात लिहिलंय की उपचारासाठी दाखल झालेल्या बाईचं तीन वर्षांखालचं मूल सहसा तिच्यापासून वेगळं करायचं नाही. केलंच तर दर पंधरा दिवसांनी त्या निर्णयाचा फेरविचार करायचा, आणि कारण संपलं की मूल परत आणायचं. मला ही तरतूद आपल्या कायद्यांतल्या सर्वांत शहाण्या ओळींपैकी वाटते. मूल तीन वर्षांचं झालं की मात्र ती थांबते, आणि बापाला तर ती लागूच नाही.

२०१९ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाने महाराष्ट्रातल्या एका खटल्याचा निकाल दिला. आई कर्करोगाने गेली होती. बाप क्षयाच्या मेंदूज्वराने रुग्णालयात होता, म्हणून लहान मुलगी मावश्यांकडे. बरा झाल्यावर बापाने तिला मागितलं, मावश्यांनी नकार दिला. मुंबई उच्च न्यायालयाने मुलगी बापाला दिली आणि सर्वोच्च न्यायालयाने ते कायम केलं. मावश्यांना तिला भेटण्याची मुभाही ठेवली. आजारपणात सांभाळ दुसऱ्याने केला म्हणून बापाचं नातं संपत नाही, असा त्याचा सरळ अर्थ. क्षयातून उठलेल्या बापाबद्दल हे आपल्याला लगेच पटतं. दारूतून उठलेल्या बापाबद्दल आपण थबकतो. त्यात निव्वळ पूर्वग्रह नाही. क्षयाने कुणी बायकोला मारत नाही. पण थबकणं आणि दार लावून घेणं यांत फरक आहे.

समितीसमोर येणाऱ्या सामाजिक तपासणी अहवालात कुटुंबाचा तक्ता असतो: नाव, वय, शिक्षण, काम, उत्पन्न, आरोग्य, आणि शेवटी व्यसन. त्या रकान्यात ‘दारू’ एवढा एक शब्द पडतो. दारू सुटून पाच महिने झालेला बाप आणि आज सकाळी पिऊन आलेला बाप, दोघे त्या रकान्यात सारखेच दिसतात. डहाणू-तलासरीत तर आणखी घोळ. ताडी आणि मोहाची दारू तिथे लग्नाला, सणाला, पाहुण्याला असतेच. बाहेरून आलेल्या अधिकाऱ्याला त्यात सगळेच व्यसनी दिसू शकतात, किंवा ‘इथे असंच असतं’ म्हणून खरोखर बुडालेला बाप दिसतच नाही. दोन्ही चुकांची किंमत मूल मोजतं.

आता एक नवी गोष्ट आली आहे. बालगृहांतली ज्यांना भेटायला कुणी येत नाही आणि ज्यांचे पालक अपात्र ठरलेत, अशी मुलं प्रतिपालकत्वासाठी कुटुंबांकडे द्यावीत यावर केंद्राच्या २०२४ च्या मार्गदर्शक सूचनांचा भर आहे. दोन वर्षं त्या घरी राहिलेलं मूल पुढे ते कुटुंब दत्तक घेऊ शकतं. पूर्वी यासाठी पाच वर्षं लागत. बालगृहापेक्षा घर केव्हाही बरं, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भीती वाटते ती भेटीच्या मापाची. मोखाड्याहून पालघरला यायचं तर जव्हारमार्गे शंभरेक किलोमीटर, एसटीचं भाडं आणि एक दिवसाची मजुरी बुडाली. वीटभट्टीवर उचल घेतलेल्या माणसाला मालक रजा देत नाही. आणि जो निवासी उपचाराला गेलाय, तो तर बरा होण्यासाठीच भेटायला येऊ शकत नाही. न आलेला प्रत्येक बाप मुलाला विसरलेला नसतो.

यावर विचारतील, मुलाने तोवर काय करायचं? हा प्रश्न टाळता येत नाही. मुलाचं बालपण आईबापाच्या बरं होण्यासाठी गहाण ठेवता येणार नाही. जिथे मार आहे, जिथे मुलीला घरात धोका आहे, तिथे मी एक दिवसही थांबायला सांगणार नाही. पण मुलाला लगेच सुरक्षित करणं आणि पालकाचं नातं लगेच संपवणं ही दोन निरनिराळी कामं आहेत. पहिल्याला एक तासही जास्त आहे, दुसऱ्याला घाई चालत नाही. मधल्या काळासाठी आजी, मावशी, शेजारचं घर आहे. राज्याच्या बालसंगोपन योजनेत अशा मुलासाठी महिना २,२५० रुपये मिळू शकतात, आणि चाळीतल्या घरात त्याने पुष्कळ फरक पडतो. मूल ओळखीच्या माणसांत राहतं, त्याची शाळा तीच राहते.

पालघरच्या समितीने मूल बालगृहात पाठवताना आदेशात चार ओळी जास्त लिहाव्यात, एवढंच माझं मागणं आहे. पालकाचा उपचार कुठे चालू आहे आणि खबर कोण देणार. मुलाची भेट कोणत्या दिवशी आणि येण्या-जाण्याचं भाडं कुठून. मुलाला काय वाटतं, ते त्याच्या शब्दांत. आणि पुढची तपासणी कोणत्या तारखेला. त्या तारखेला बाप पिऊन आला, तर तेही तसंच लिहावं, आणि खाली पुढची तारीख टाकावी.