छप्पन सेंटिमीटर

मीटरभर काचनळीच्या एका टोकाला अमोनियात भिजवलेला कापसाचा बोळा, दुसऱ्या टोकाला हायड्रोक्लोरिक आम्लाचा. नाशिकला अकरावीत हा प्रयोग आम्ही चौघांनी मिळून केला. बोळे लावताना डोळ्यांतून पाणी आले, मग बराच वेळ काहीच घडेना. काही मिनिटांनी नळीच्या आत पांढरे, धुरकट कडे धरले. अमोनियम क्लोराइड. अमोनियाच्या टोकापासून अंतर भरले ५६ सेंटिमीटर.

यायला हवे होते ५९. ग्रॅहमचा नियम सांगतो की वायूच्या विसरणाचा वेग रेणुभाराच्या वर्गमुळाशी व्यस्त प्रमाणात असतो. म्हणजे १७ चा अमोनिया ३६.५ च्या हायड्रोजन क्लोराइडच्या १.४७ पट वेगाने धावणार. आमचे गुणोत्तर १.२७. ‘पट्टी वाकडी धरली असेल रे. एकोणसाठ लिहा,’ सर म्हणाले. जर्नलात खाडाखोड चालत नाही, म्हणून पानच नव्याने उतरवले. सही मिळाली.

पट्टी सरळच होती. ग्रॅहमने १८३३ च्या सुमारास हा नियम मांडला तो प्लास्टर ऑफ पॅरिसच्या सच्छिद्र बुचातून झिरपणाऱ्या वायूंवरून. आमच्या नळीत बूच नव्हते, हवा होती. अमोनियाचा रेणू सेकंदाला सहाशेहून अधिक मीटर जातो. पापणी लवेपर्यंत त्याने नळीच्या शंभर खेपा कराव्यात. पण सेकंदाला अब्जावधी धक्के खात तो पुढे कसा सरकणार? सिंहस्थातल्या पर्वणीला रामकुंडाकडे निघालेला तरणा गडी आणि थकलेले आजोबा यांच्यात गर्दी फारसा फरक राहू देत नाही, तसेच हे. दोन्ही वायू त्याच हवेशी झुंजतात, म्हणून त्यांच्यातले अंतर मिटत जाते. आमचे ५६ म्हणजे त्या गर्दीची नोंद होती, आणि आम्ही तीच पुसली.

पुढे पिंपळगाव बसवंतच्या बाजूला एका पॅकहाउसमध्ये गेलो, तेव्हा ते ५६ पुन्हा आठवले. निर्यातीच्या द्राक्षपेटीत घडांवर कागदासारखा एक पॅड ठेवतात. सगळे त्याला ग्रेप गार्ड म्हणतात. त्यात सोडियम मेटाबायसल्फाइट असते. पेटीतल्या ओलाव्याने त्यातून सल्फर डायऑक्साइड सुटतो, घडाघडांतून पसरतो आणि करड्या बुरशीला रोखतो. दुहेरी पॅडची गंमत अशी की एक थर सुरुवातीलाच वायू सोडतो, दुसरा आठवडेच्या आठवडे थोडा थोडा. समुद्रमार्गे रॉटरडॅमला जायचे तर दुसऱ्यावरच भिस्त. वायू कमी पडला तर बुरशी. जास्त झाला तर मणी देठाकडून पांढरे पडतात.

रेणुभाराचे वर्गमूळ तिथे कुणी काढत नाही. माल आधी किती थंड केला, पेटीतल्या प्लास्टिकच्या लायनरला भोके किती, पेटीत ओल किती, याचीच चर्चा चालते. आणि पलीकडे पेटी उघडल्यावर पांढरे मणी निघाले, तर एकोणसाठ लिहून सही मिळत नाही.