कमावलेला आवाज खरा असतो का?

देवाने दिलेला गळा आणि कमावलेला गळा असा भेद आपण सहज करतो, आणि तो करतानाच नकळत निवाडाही देऊन टाकतो: पहिला खरा, दुसरा बनवलेला. ख्यालगायकाचे या निवाड्यावाचून फारसे अडत नाही. पण कीर्तनकार, प्रवचनकार, भजन म्हणणारा यांच्यापाशी आल्यावर तो धर्माचाच प्रश्न होतो. देवापुढे उभे राहून लावायचा आवाज श्वास सांभाळून, जबडा सैल सोडून, पट्टी ठरवून लावला, तर त्यातला भाव अस्सल राहतो का? माझ्या मते राहतो. इतकेच नव्हे, तर पुष्कळदा तालमीनंतरच त्याला बाहेर यायला वाट मिळते.

देणगीच्या बाजूचा सर्वांत भक्कम साक्षीदार आपल्याच मातीतला आहे. तेराव्या शतकात देवगिरीला, यादव राजा सिंघणाच्या पदरी असलेल्या शार्ङ्गदेवाने ‘संगीतरत्नाकर’ लिहिला. अभ्यास न करताही राग प्रकट करण्याची जी शक्ती काही आवाजांत उपजत असते, तिला तो ‘शारीर’ म्हणतो. विद्यादान, तप, शिवभक्ती किंवा पूर्वभाग्य यांमुळे ती लाभते, असे त्याचे मत. एवढ्यावर थांबले तर तालमीला जागाच उरत नाही. पण तोच शार्ङ्गदेव गायकाचे पंचवीस दोष सांगतो, आणि ते वाचताना आजच्या आवाजाच्या शिक्षकाची टिपणवही उघडल्यासारखे वाटते. दात आवळून गाणारा, भीत भीत गाणारा, तोंड भयंकर वासणारा, मान उंचावणारा, मान वाकडी करणारा, गाल फुगवणारा, नाकात गाणारा, गळ्याच्या आणि कपाळाच्या शिरा फुगवणारा. यातले बहुतेक दोष गळ्याला जडलेल्या सवयींचे आहेत, नशिबाचे नव्हेत, आणि सवय मोडता येते. बोलताना पुरुषाचे स्वरतंतू सेकंदाला शंभराच्या आणि स्त्रीचे दोनशेच्या आसपास वेळा एकमेकांना भिडतात. अशा वेळी मान आवळली, खांदे वर चढले, श्वास छातीतच अडकला, तर ते भिडणे घासण्यावर येते आणि आवाज बसतो. पहाटेचा खर्जाचा रियाझ किंवा एकाच आकारावर ठेवलेला लांब दम या ताणाशी झगडतो. त्यातून गळ्यावर नवे काही चढवले जात नाही, अडथळा तेवढा दूर होतो. साधनेत चित्तशुद्धीला जे स्थान आहे, तेच इथे या सैल झालेल्या जबड्याला आहे असे मी मानतो. ज्याला दीड-दोन तास उभे राहून निरूपण करायचे आहे, त्याच्या शब्दामागचा भाव घशाच्या दुखण्यात हरवू नये, ही काळजीही सेवेचाच भाग आहे.

यावर वारकरी परंपरेतून येणारा आक्षेप वजनदार आहे. दिंडीत कोणाचा गळा तपासत नाहीत. घोगरा, चिरका, थकलेला, सगळे आवाज धृपदात मिसळतात आणि देवाला ते सारखेच. हे मला पूर्ण मान्य आहे. भक्तीची पात्रता आवाजावर ठरत नाही, ठरूही नये. पण दिंडीतला माणूस स्वतः देवाला आळवत असतो. कीर्तनकार शेकडो माणसांच्या वतीने बोलत असतो, आणि मागे बसलेल्या म्हातारीपर्यंत शब्द स्वच्छ पोचवण्याचे कर्तव्य त्याने पत्करलेले असते. दुसरा आक्षेप नीतीचा: तयार आवाज फसवायलाही कामी येतो. येतो खरा. गीतेच्या सतराव्या अध्यायात वाङ्मय तप सांगितले आहे. त्यात कोणाला उद्विग्न न करणारे, सत्य, प्रिय आणि हितकर बोलणे आहे, तसाच स्वाध्यायाचा अभ्यासही आहे. अभ्यास आणि सत्य तिथे एकाच तपात नांदतात. म्हणजे फसवणाऱ्याचे तप अर्धे राहिलेले असते. त्याच्या खोटेपणाचा दोष त्याच्या अभ्यासावर टाकणे मला अन्यायाचे वाटते.

तालमीने सगळे आवाज एकाच साच्याचे होतात, ही तक्रार मात्र मला सर्वांत जास्त अस्वस्थ करते, कारण तसे घडताना दिसते. शिष्याला गुरूच्या पट्टीत ओढले जाते, वक्ते एकाच ठेक्यात बोलू लागतात. पण याला मी तालीम म्हणणार नाही, ही नक्कल आहे. कुमार गंधर्वांचे उदाहरण इथे फार बोलके आहे. लहानपणी ते मोठ्या गवयांच्या ध्वनिमुद्रिका हुबेहूब गाऊन दाखवत. देणगी म्हणतात ती हीच, आणि तिच्यातून उमटत होते ते दुसऱ्यांचे गळे. पुढे त्यांनी मुंबईला बी. आर. देवधरांकडे शिक्षण घेतले. आवाजाचा शास्त्रीय विचार करणाऱ्या आपल्या आरंभीच्या संगीतज्ञांपैकी देवधर एक होते. नंतर क्षयाने गाठले, देवासला कित्येक वर्षे गाणे बंद राहिले आणि एक फुप्फुस निकामी झाले. त्यानंतरचे त्यांचे गाणे त्या उरलेल्या दमाशी जुळवून घेतलेले आहे: आखूड, धारदार स्वरवाक्ये, मध्ये सोडलेल्या जागा, एकदम उसळून तारसप्तकाला भिडणे. त्यांची निर्गुणी भजने ऐकताना ज्याला आपण निखळ कुमारांचा आवाज म्हणतो, तो जन्माने मिळालेल्या गळ्यातून आपोआप आलेला नाही. आजाराने जे हिरावले ते मान्य करून, उरलेल्यातून तो त्यांनी पुन्हा उभा केला.